विहिरीच्या बाटलीपासून जिवाणूच्या नावापर्यंत

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर ओसरला, तेव्हा भिलवडी, औदुंबरपासून सांगलीवाडी, हरिपूरपर्यंत नदीकाठच्या कितीतरी विहिरी पुराच्या पाण्याने भरलेल्या होत्या. घरातला गाळ फावड्याने ओढून काढता आला. विहिरीतला गाळ आपोआप खाली बसला आणि पाणी पुन्हा नितळ दिसायला लागले. खरी फसगत इथेच होते. “कसं काचेवानी पाणी हाय, काय झालंय त्याला?” असे म्हणत माणूस कळशी भरतो, आणि चार दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद येतो : कोलिफॉर्म जिवाणू आढळले, पाणी पिण्यास अयोग्य.

या कागदावर गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. डोळ्याला न दिसणारी गोष्ट यांना सापडली कशी? आणि सापडली ती सापडली, तिचे नाव हुडकत बसायचे कशाला, जंतू तो जंतूच ना? दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण सूक्ष्मजीवशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम त्याच्या उत्तरात बसतो. आपण त्या बाटलीबरोबर विहिरीपासून प्रयोगशाळेपर्यंत जाऊ.

आधी ‘जंतू’ या शब्दाची गाठ सोडवू. बोलताना आपण सगळ्यांनाच जंतू म्हणतो. पण जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, हा एका पेशीचा स्वतंत्र सजीव. त्याला बहुधा भिंत असते, तो खातो, वाढतो, स्वतःचे दोन तुकडे करून दोन होतो. आपल्या पेशीत वारशाचा धागा केंद्रकाच्या डबीत असतो. जिवाणूत डबी नसते, धागा मोकळाच. विषाणू, म्हणजे व्हायरस, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू शकत नाही. बुरशीच्या पेशीला आपल्यासारखे केंद्रक असते. फरक पुस्तकी वाटेल, पण आटपाडीच्या डाळिंब बागायतदाराला तो पाठ असतो. झाड वाळवणारी ‘मर’ प्रामुख्याने बुरशीची, फळावर तेलकट डाग पाडून फळ तडकवणारा ‘तेल्या’ जिवाणूचा. एकाचे औषध दुसऱ्यावर मारले की पैसे मातीत जातात.

आता बाटली. ही प्रयोगशाळेतून मिळणारी निर्जंतुक बाटलीच हवी. धुतलेली मिनरल वॉटरची बाटली चालत नाही, कितीही गरम पाण्याने विसळली तरी. प्रयोगशाळेच्या बाटलीच्या तळाशी थोडीशी पांढरी पूड किंवा थेंबभर द्रावण असते. “आत कायतरी हाय” म्हणून अनेकजण ते विसळून टाकतात. तसे करू नका. ते सोडियम थायोसल्फेट असते आणि पाण्यातला क्लोरीन मारणे हे त्याचे काम. ते नसेल तर बाटलीतला क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि विहिरीत नसलेली स्वच्छता कागदावर उमटते.

विहिरीतून नमुना घेताना बाटलीला स्वच्छ दोरी आणि वजनाला दगड बांधून ती आत सोडायची. काठावरचे शेवाळ खरवडून वर आले तर नमुना शेवाळाचा होतो. नळ असेल तर पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे. बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. बाटली गळ्यापर्यंतच भरावी. वर थोडी हवा राहिली तर तपासणारा ती नीट हलवू शकतो.

सगळ्यात जास्त नमुने मात्र रस्त्यावर बिघडतात. सकाळी घेतलेली बाटली मोटारसायकलच्या डिकीत, डिकी उन्हात, वाटेत तहसीलचे काम, मग जेवण. गरम बाटलीत काही जिवाणू वाढतात, काही मरतात. प्रयोगशाळेत पोहोचते ते तिसरेच पाणी. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. उशिरात उशीर म्हणजे चोवीस तास.

बाटली पोहोचली की आपल्याला वाटते, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतील. तसे होत नाही. एक जिवाणू साधारण एक-दोन मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे पट्टीवरच्या एका बारीक खाचेत पाचशे ते हजार जिवाणू शेपटाला डोके लावून रांगेत बसतील. शंभर मिलिलिटर पाण्यात असे पाच-दहाच असले तरी पाणी नापास; आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाचाही अंश मावतो. पाच-दहा शोधायला जन्म जाईल. म्हणून त्यांना आधी खाऊ घालून वाढवायचे.

पोषक द्रव आणि अंगाची ऊब मिळाली की आपल्या आतड्यातला जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे वीस लाखांवर. क्षयाचा जिवाणू मात्र एकदा दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस घेतो, म्हणून बेडक्याच्या कल्चरला काही आठवडे लागतात. वानलेसवाडीच्या आणि पाचगणीच्या जुन्या आरोग्यधामांत रुग्ण महिनोन्‌महिने राहत. त्या आजाराचे सगळेच संथ. कल्चर म्हणजे हेच, जिवाणू मुद्दाम वाढवून बघणे. “रिपोर्टला तीन दिवस का?” असे विचारताना हा हिशेब लक्षात ठेवावा, अर्धा वेळ जिवाणू वाढण्याची वाट बघण्यात जातो.

पाण्याच्या तपासणीत पहिली पायरी मॅकॉन्की द्रवाची. यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आणि पित्तक्षार असतात. आतड्यात पित्त असतेच, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना त्याची सवय. बाहेरच्या पुष्कळांना ते सोसत नाही. म्हणजे दारातच गाळणी लावली. पंधरा नळ्या मांडतात : पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर पाणी, पाचांत एकेक, पाचांत एकाचा दहावा भाग. प्रत्येक नळीत एक छोटी नळी पालथी बुडवलेली असते, तिला डरहॅम नळी म्हणतात.

नळ्या ३७ अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी बघावे तर जांभळा द्रव पिवळा पडलेला आणि पालथ्या नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा. आत कोणीतरी लॅक्टोज खाऊन आम्ल आणि वायू तयार केला. इडलीचे पीठ फुगून येते त्यातलाच हा प्रकार. पंधरापैकी कोणत्या किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून तक्त्यात बघून शंभर मिलिलिटरमागची बहुधा असेल ती संख्या काढतात. अहवालातले ‘एमपीएन’ ते हेच. तो मोजलेला आकडा नसतो, अंदाज असतो. म्हणून शेजारच्या विहिरीचा एमपीएन थोडा कमी आला तर लगेच ती चांगली ठरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात हे जिवाणू अजिबात आढळायला नकोत.

आता कागदावरचा ‘कोलिफॉर्म’ शब्द. ते कुणा एकाचे नाव नव्हे, ती एक टोळी आहे : लॅक्टोज आंबवून आम्ल-वायू करणारे, आतड्यातल्यांसारखे वागणारे. टोळीतले काहीजण आतड्यात राहतात, पण एन्टेरोबॅक्टर, क्लेबसिएला यांच्यासारखे माती-पाल्यातही सुखाने राहतात. पुरानंतर विहिरीत माती गेलेलीच असते. मग ही टोळी मातीतून आली की कुणाच्या संडासातून? पाण्याच्या बाबतीत नाव शोधण्याचे कारण हे आहे. नाव कळले की पत्ता कळतो.

म्हणून बुडबुडा आलेल्या नळीतून थोडा द्रव नव्या नळीत टाकून ती ४४ अंशांच्या आसपास ठेवतात. मातीतले बरेचजण या उन्हाळ्यात ढेपाळतात. गरम रक्ताच्या प्राण्याच्या पोटातला टिकतो. तरीही खात्री नाही. आता एकेकट्याला वेगळे काढावे लागते.

त्यासाठी घट्ट माध्यम लागते, आणि ते घट्ट होते अगारमुळे. अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानातले चायना ग्रास. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी बटाट्याचे काप आणि जिलेटिन वापरत. जिलेटिन उबेत वितळे, आणि काही जिवाणू ते खाऊनच टाकत. वॉल्टर हेस या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस घरी जेली करायला अगार वापरायची. १८८१-८२ च्या सुमारास तिने ते सुचवले. ते ३७ अंशांत वितळत नाही आणि फारसे कुणाला पचत नाही. १८८७ मध्ये युलियस पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची ताटली केली. आजही जगभर दोन्ही तशीच चालतात, फक्त ताटली बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची झाली.

तारेच्या टोकाला गोल कडे केलेले असते, त्याला लूप म्हणतात. तो ज्योतीत लाल करून, गार करून, द्रवाला टेकवून ताटलीवर नागमोडी रेघा ओढतात. पुन्हा लूप जाळायचा, पहिल्या रेघांच्या शेपटातून दुसऱ्या रेघा, मग तिसऱ्या. रांगोळीची चिमूट बोटांतून संपत जाते तशी जिवाणूंची गर्दी विरळ होत जाते आणि शेवटच्या रेघेवर ते सुटे-सुटे पडतात. रात्रीतून प्रत्येकाचा एक ठिपका होतो. त्या ठिपक्याला वसाहत म्हणतात, आणि ती सगळी एकाच मूळ पेशीची पिलावळ असते.

नवशिक्याची चूक इथे ठरलेली. लूप जाळला आणि गार न करताच टेकवला, तर जिवाणू भाजून मरतात आणि ताटली कोरी येते. जाळायचाच विसरला, तर शेवटपर्यंत गर्दीच राहते. आणि एकमेकांना चिकटलेल्या दोन वसाहतींतून उचलले, तर पुढची प्रत्येक चाचणी दोघांचे मिळून उत्तर देते. असला घोळ दोन दिवसांनी लक्षात येतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

मॅकॉन्कीच्या ताटलीवर लॅक्टोज खाणारे गुलाबी ठिपके देतात, न खाणारे फिकट. टायफॉइडचा साल्मोनेला फिकट. क्लेबसिएला बहुधा मोठा, ओलसर, शेंबडासारखा तार धरणारा. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा ठिपका कोरडासा गुलाबी, आणि ईएमबी नावाच्या दुसऱ्या माध्यमावर तो हिरवट चकाकतो, भुंग्याच्या पाठीसारखा. ती हिरवी झाक दिसली की कितीही वर्षे काम केलेला माणूस ताटली खिडकीशी नेऊन तिरकी धरून बघतोच.

आता सूक्ष्मदर्शक. पण नुसता जिवाणू पाण्यासारखा पारदर्शक असतो. रंगवल्याशिवाय त्याचे काही दिसत नाही. इथे येते हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरची १८८४ मधली युक्ती, ग्राम रंजन. फुफ्फुसाच्या कापांत जिवाणू नीट दिसावेत म्हणून त्यांनी ती काढली होती. पुढे जिवाणूंची अर्धी वाटणी तिच्यावर होईल हे त्यांच्या मनातही नसावे.

काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात वसाहतीचा सुईच्या टोकाएवढा अंश, पातळ पसरवायचा. वाळवून ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायची. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट. धुवायचे. आयोडीन एक मिनिट. ते रंगाला आत गाठ मारते. मग अल्कोहोल, काही सेकंद. शेवटी सॅफ्रनिन हा लालसर रंग. धुवून, वाळवून, तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठे करून बघायचे. काही जिवाणू जांभळे राहिलेले दिसतात, त्यांना ग्राम-पॉझिटिव्ह म्हणतात. काहींचा जांभळा निघून ते गुलाबी झालेले, ते ग्राम-निगेटिव्ह.

असे का होते? भिंतीमुळे. पहिल्या गटाची भिंत आपल्या वाकळेसारखी, थरावर थर टाचलेली. वाकळ रंगाच्या हौदात बुडवली आणि वरून एकदा विसळली तर आतला रंग निघत नाही. दुसऱ्या गटाची भिंत धोतराच्या एका पदराएवढी पातळ, आणि तिच्यावर स्निग्ध पदार्थाचा रेनकोट. अल्कोहोल तो स्निग्ध थर विरघळवते आणि पातळ पदरातून रंग वाहून जातो. याच रेनकोटमुळे काही प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आत शिरत नाहीत. म्हणूनच पूर्ण नाव कळायच्या आधी नुसता रंग कळला तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

सगळा खेळ अल्कोहोलच्या त्या सेकंदांचा. शिकत असताना माझ्या हातून ते अर्धा मिनिट जास्त राहिले, आणि मी छातीठोकपणे दह्याच्या जिवाणूला ग्राम-निगेटिव्ह म्हणून मोकळा झालो. सर काही बोलले नाहीत, फक्त नवी पट्टी पुढे सरकवली. उलटही होते : थर जाड घातला तर रंग निघतच नाही. आणि चार दिवसांची म्हातारी वसाहत घेतली तर वाकळही विरते, जांभळ्याचे गुलाबी दिसते. म्हणून ताजी वसाहत, पातळ थर, आणि शेजारी माहितीतल्या जिवाणूची पट्टी ताळ्याला.

आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर दह्याच्या निवळीचा थेंब ग्राम रंजन करून जरूर बघावा. घरचे विरजण चांगले. जांभळ्या लांबट काड्या दिसतील, त्या लॅक्टोबॅसिलस. जांभळ्या ठिपक्यांच्या माळा किंवा जोड्या दिसतील, ते स्ट्रेप्टोकोकस आणि लॅक्टोकोकस. ‘कोकस’ म्हणजे गोल दाणा, ‘बॅसिलस’ म्हणजे काडी. दह्याचे ठीक आहे, पण विहिरीचे किंवा गटाराचे पाणी घेऊन घरात ताटल्या वाढवू नयेत. वाढते ते काय हे आधी माहीत नसते.

सरळ काडी, गोल दाणा, नागमोडी फिरकी आणि स्वल्पविरामासारखी वाकडी काडी, एवढे मोजके आकार. पटकीचा जिवाणू वाकडा. आपल्या विहिरीतला जिवाणू निघाला आखूड गुलाबी काडी. आता निदान कितीतरी गोल आणि जांभळ्या मंडळींना हजेरीतून वगळता आले. पण गुलाबी काड्या दिसायला सगळ्या सारख्या. टायफॉइडची, आवेची, क्लेबसिएलाची, निरुपद्रवी ई. कोलायची, पट्टीवर फरक सांगता येत नाही. क्षयाचा जिवाणू तर हा रंग नीट घेतच नाही. त्याच्या भिंतीत मेण असते, त्याला झील-नील्सनचा गरम लाल रंग लागतो.

म्हणून पुढे स्वभाव विचारायचा. वसाहत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात टाकली की फस्सकन फेस येतो का? एखाद्या अमिनो आम्लापासून इंडोल नावाचा पदार्थ करतो का? केला तर तपासणीच्या थेंबाने वर चेरीसारखे लाल कडे उमटते. नुसत्या सायट्रेटवर जगू शकतो का? जगला तर हिरवे माध्यम निळे होते. मिथिल रेड आणि व्हीपी अशा आणखी दोन. इंडोल, मिथिल रेड, व्हीपी आणि सायट्रेट या चारांचे उत्तर ई. कोलाय याच क्रमाने देतो : हो, हो, नाही, नाही. एन्टेरोबॅक्टर बरोबर उलटे : नाही, नाही, हो, हो. एकाच चाचणीवर कधी नाव ठरवत नाहीत, कारण एखादा जिवाणू लहरी निघतोच. चारही जुळली, ४४ अंशांवर वायू केला, इंडोलही केला, की अहवालात लिहितात : एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय.

त्याचा अर्थ, या पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा पोहोचली आहे. ही बातमी टायफॉइड सापडल्याची नाही. गल्लत सर्रास होते. टायफॉइड-पटकीचे जिवाणू पाण्यात असले तरी थोडे, मधूनच, सापडायला अवघड. ई. कोलाय प्रत्येक पोटात कोट्यवधींनी असतो. तो ज्या वाटेने विहिरीत आला, त्याच वाटेने उद्या तेही येतील. मग आपण ती वाट शोधायची : उताराच्या वरच्या बाजूचा शोषखड्डा, विहिरीला लागून असलेला गोठा, फुटलेला कठडा.

नावाकडे जरा बघू. शाळेच्या हजेरीपटावर काही मास्तर आडनाव आधी लिहीत, तसे जिवाणूचे असते. आधी प्रजातीचे, म्हणजे भावकीचे नाव, मग जातीचे, म्हणजे स्वतःचे. थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत हा शोधला. तेव्हाचे नाव वेगळे होते; १९१९ मध्ये भावकीला त्यांचे नाव मिळाले. कोलाय म्हणजे मोठ्या आतड्याचा.

आडनावावरून मात्र स्वभाव ठरवू नये. दह्यातला स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि न्यूमोनिया करणारा स्ट्रेप्टोकोकस एकाच भावकीतले. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स इडलीचे पीठ फुगवतो, आणि तोडून शिळा पडलेल्या उसात शिरला की साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ करून कारखान्यात रसाची गाळणी तुंबवतो. जीव एकच, स्वयंपाकघरात हवासा, गाळपात वैरी.

ही भावकी लावली कशी? सुरुवातीला आकारावरून, १८७२ मध्ये फर्डिनांड कोन यांनी तशी मांडणी केली. मग रंग आणि स्वभाव आला. अमेरिकेत १९२३ मध्ये बर्गी यांचे मॅन्युअल निघाले, त्यात चाचण्यांच्या आधारे ओळख पटवायची रीत बसली. अडचण अशी, की दोन परके सारखे दिसू शकतात आणि सख्खे भाऊ वेगळे. कार्ल वूस यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारी यंत्रे, रायबोसोम, असतात. जिवाणूत त्यांच्या एका घटकाचा, १६ एस आरआरएनएचा, मजकूर साधारण दीड हजार अक्षरांचा. पिढ्यान्‌पिढ्या तो फार हळू बदलतो. दोघांच्या मजकुरात जितका फरक, तितके नाते लांबचे.

१९७७ मध्ये त्यातून एक धक्का बसला. जिवाणू म्हणून गणलेला एक सबंध गट जिवाणू नव्हताच. त्याला पुढे आर्किया म्हणू लागले. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन करणारे सूक्ष्मजीव याच गटातले. शेणात ई. कोलाय आणि हे शेजारी-शेजारी नांदतात, पण नात्याने एकमेकांपासून फार फार लांब.  

मजकूर वाचता यायला लागल्यावर नावे बदलू लागली, आणि इथे लोक वैतागतात. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या पाकिटावर आपण ‘रायझोबियम’ म्हणतो. सोयाबीनचा तो जिवाणू १९८२ पासून ब्रॅडीरायझोबियम. ब्रॅडी म्हणजे संथ वाढणारा. नाव बदलले तरी काम तेच. पण दुसऱ्या कडधान्याचे पाकीट सोयाबीनला लावले तर गाठी नीट येत नाहीत, हा भावकीचा नियम कायम. फुलोऱ्याच्या सुमारास मूळ उपटून गाठ नखाने फोडावी. आत तांबूस-गुलाबी असेल तर नत्र बांधण्याचे काम चालू. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती शोभेची.

प्लेगच्या जिवाणूची कहाणी याहून लांब. अलेक्झांडर यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला तो वेगळा काढला. तीनच वर्षांनी, १० मार्च १८९७ रोजी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकी सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. जिवाणू माहीत झाला होता, त्यावरचे प्रतिजैविक यायला अजून काही दशके होती. त्याचे आडनाव बरेच दिवस पाश्चुरेला होते, १९४४ मध्ये यर्सिनिया सुचवले गेले. पुढे मजकूर जुळवल्यावर दिसले, की हा खरे तर यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या बऱ्याच सौम्य जिवाणूचीच फांदी. काटेकोर नियमाने त्याला त्याच जातीत घालायला हवे होते. पण प्लेगचा जिवाणू सौम्य नावाखाली लपला तर प्रयोगशाळेत एखाद्याचा जीव जाईल, म्हणून नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय पंचांनी १९८५ मध्ये वेगळे नाव कायम ठेवले. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. तसेच रक्ती आव करणारा शिगेला; मजकुराने तो ई. कोलायच, पण डॉक्टरांच्या सोयीसाठी घर वेगळे.

जातीच्या खालीही वाटण्या आहेत. पोटातले बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी, ओ१५७:एच७ नावाचा वाण मात्र रक्ती जुलाब करतो. तेल्याच्या जिवाणूचे नाव झँथोमोनास सिट्री, आधीचे झँथोमोनास अ‍ॅक्सोनोपोडिस, पुढे ‘पॅथोवार प्युनिकी’. पॅथोवार म्हणजे कोणत्या पिकाला धरतो त्यावरून केलेला पोटभेद, आणि प्युनिकी डाळिंबाच्या शास्त्रीय नावावरून. याच्या जवळचाच भाऊ लिंबाला खैऱ्या करतो. डाग तेल्याचा की बुरशीचा हे ताडायची एक साधी खूण : डागाच्या कडेचा बारीक काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कापलेल्या कडेतून जिवाणू चुलीच्या धुरासारखे बाहेर वाहताना दिसतात. बुरशीच्या डागातून असा धूर निघत नाही.

परत विहिरीकडे येऊ. ई. कोलाय निघाला, आता पाण्यात टाकायची क्लोरीनची टीसीएल पावडर. गोल विहिरीतले पाणी असे मोजावे : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणायचे, उत्तर लिटरमध्ये. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी म्हणजे ६२,८०० लिटर. चांगल्या पावडरीचे रोजचे प्रमाण हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे १५७ ग्रॅम. पुरानंतरच्या पहिल्या शुद्धीकरणाला मात्रा जास्त लागते, ती आरोग्य सेवकाला विचारून घ्यावी.

पावडर कोरडीच विहिरीत भिरकावू नये, तळाशी चुना होऊन बसते. बादलीत कालवावी, निवळू द्यावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोलवर सोडून दोरीने वर-खाली करावे. मग किमान एक तास पाणी उपसायचे नाही. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर निकामी होते. दिसते पांढरीच, पण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. म्हणून तासाभराने जलसुरक्षकाकडून क्लोरीन बघायची ओटी टेस्ट करून घ्यावी. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग नाही आला तर पावडर तरी मेलेली, नाहीतर घाण इतकी की सगळा क्लोरीन तिने खाल्ला.

शोषखड्डा लांब नेला, कठडा बांधला, आठवडाभर टीसीएल झाले, की पुन्हा बाटली मागवावी. तळाची पांढरी पूड यावेळी तर अजिबात विसळू नये. आता पाण्यात क्लोरीन आहे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फोन करून नळ्यांचे विचारले तर सांगतात. पंधराच्या पंधरा अजून जांभळ्या असतील, तरी आणखी एक दिवस थांबा म्हणतील, कारण काही जिवाणू अठ्ठेचाळीस तासांनी बुडबुडा काढतात.